पहिला शब्द कनू

"एका फटक्यात?" ब्रेंटनं फोन नाकाला टेकेल इतका जवळ नेला. "नॉर्बर्टराव, एका फटक्यात?"

नॉर्बर्ट पावलक कोट खुंटीला अडकवत होता. खुंटी सैल होती, त्यामुळे कोट अडकवायला रोज दोन प्रयत्न लागत. आजही लागले.

"आलं खरं," तो म्हणाला.

"पाचही हिरवे! दुसरी ओळच नाही!"

"दुसरीची गरज पडली नाही."

चहाकॉफीच्या खोलीतून कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि तिसरी टाळी वाजायच्या आतच त्या सावकाश झाल्या. सावकाश वाजणारी टाळी कौतुकाची नसते, टोमण्याची असते, हे सरोवराकाठच्या एरी गावात शाळकरी पोरालाही कळतं.

एका विमा कंपनीचा हा दावे विभाग. लोकांच्या छपरांवर, नळांवर आणि शब्दांवर विश्वास न ठेवणं हे विभागाचं काम, आणि नऊ माणसं ते मन लावून करत. रोज सकाळी कामाला बसण्याआधी ही नऊ माणसं एक कोडं सोडवत. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा प्रयत्नांत. अक्षर जागेवर असलं की चौकोन हिरवा, शब्दात असून जागा चुकली की पिवळा, अजिबात नसलं की राखाडी. सुटलं की रंगांची जाळी ग्रुपवर टाकायची. जाळीत अक्षरं दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात. म्हणजे माणूस कितव्या प्रयत्नात पोचला ते कळतं, कसा पोचला ते कळत नाही. कंपनीला बढती देतानाही एवढीच माहिती पुरत असे.

सुरुवातीचा शब्द कोणता घ्यावा यावर विभागात पंथ होते. विभागप्रमुख ब्रेंट हॉलिस, वय चौतीस, यंत्रानं गणित करून काढलेला सर्वोत्तम शब्द वापरी. तो गणित दर महिन्याला नवं वाची, त्यामुळे त्याचा सर्वोत्तम शब्दही दर महिन्याला बदले. मॅक्सीन टटल ही फसवणूक-तपासनीस. तिची पद्धत दोन शब्दांची: पहिल्यात स्वर उपसायचे, दुसऱ्यात पूर्ण नवी व्यंजनं टाकायची. "पहिले दोन डाव चौकशीचे," ती म्हणे, "अटक तिसऱ्यात." नॉर्बर्टला काही पद्धत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांचा, एकतीस वर्षं त्याच टेबलावर बसलेला हा माणूस रोज चौथ्या प्रयत्नात पोचे. पद्धत विचारावी असा आकडा नव्हता तो.

"उत्तरं मध्यरात्रीच नेटवर येतात," ब्रेंट म्हणाला. "मी काही म्हणत नाही. मी फक्त माहिती देतोय."

"मी रोज तोच शब्द टाकतो. कनू."

"आजचं उत्तर कळल्यावर मीही म्हणेन, मी रोज कनू टाकतो."

"बहिणीला विचार."

"कुटुंबातला साक्षीदार धरत नाहीत," मॅक्सीन आपल्या खुर्चीतून म्हणाली. ती हे कुत्सितपणे म्हणाली नाही. नियम होता, म्हणून सांगितला.

खरं तर शब्द नॉर्बर्टचा नव्हताच. तो लॉरेनचा होता.

लॉरेन त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचंही लग्न झालं नाही, त्याचंही. आईवडिलांच्या घरात ती खाली राही, तो वर. लॉरेननं तीस वर्षं गावच्या वर्तमानपत्रात मुद्रितशोधन केलं. नंतर डोळ्यांच्या बरोबर मधोमध डाग पडायला लागले. दाराची चौकट दिसे, दारात कोण उभं आहे ते दिसत नसे. छापलेल्या ओळीचे दोन्ही टोकांचे शब्द दिसत आणि मधली बातमी गायब. नोकरी गेली. मग हे कोडं आलं. रोज सकाळी साडेसातला टोस्ट आणि उकडलेलं अंडं पुढ्यात घेऊन लॉरेन शब्द सांगे, नॉर्बर्ट टाईप करी आणि रंग वाचून दाखवी. बाकीचं सगळं ती डोक्यात ठेवी.

कनू म्हणजे वल्ह्यानं चालवायची निमुळती होडी. घरातल्या कुणी तसल्या होडीत कधी पाय ठेवला नव्हता. या शब्दामागे काही आठवण असावी असं शेजारच्या बायकांना वाटे, नव्हती. पाचात तीन स्वर आहेत, एन आहे, सी आहे, आणि शब्द स्वतः उत्तर होऊ शकतो, एवढंच लॉरेननं पाहिलं होतं.

"मधूनमधून बदलून बघू की," नॉर्बर्टनं पहिल्या महिन्यात सुचवलं होतं.

"रोज पत्ता बदललास तर शब्दानं तुला गाठायचं कुठं?" लॉरेन म्हणाली होती. विषय संपला. तीन वर्षं आणि दोन महिने.

आणि आज सकाळी त्यानं सी, ए, एन, ओ, ई टाईप केलं आणि चौकोन एकामागून एक उलटले. हिरवा, हिरवा, हिरवा. चौथ्यापाशी तो थांबला.

"पुढं वाच रे!"

"हिरवा. हिरवा."

लॉरेननं अंड्याचा चमचा बशीत ठेवला. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. डोळे गेल्यापासून ती कुणासमोर बरोबर ठरली नव्हती. डॉक्टर, बँक, बसचा ड्रायव्हर, सगळे तिला मोठ्यानं आणि सावकाश समजावत.

"ऑफिसात सांग," ती शेवटी म्हणाली. "म्हणावं, लॉरेनचा शब्द आला. फळ्यावर लिहायला लाव."

ऑफिसात फळा होताच. चहाकॉफीच्या खोलीत नऊ नावं, पुढे आठवड्याचे आकडे. ब्रेंटनं नॉर्बर्टच्या नावापुढे 'एक' लिहिला आणि हातातला खडू तसाच धरून ठेवला. या देशात विक्रमाबद्दल संशय असला की आकड्याशेजारी एक छोटी चांदणी काढतात. खेळाडू मेला तरी चांदणी मरत नाही.

"थांब," मॅक्सीन म्हणाली. "चौकशी न करता चांदणी लावायची नाही. नॉर्बी, तू ग्रुपवर तीन वर्षं जाळ्या टाकतोयस ना? त्या सगळ्या तिथंच आहेत. रोजची उत्तरंही जाहीर आहेत. तुझी रोजची पहिली ओळ त्या दिवसाच्या उत्तराशी ताडून बघते. खरंच कनू टाकत असशील तर रंग तसेच पडलेले असणार. रंग खोटं बोलत नाहीत."

नॉर्बर्टला हे इतकं पटलं की त्याला हसू आलं. एकतीस वर्षांत या विभागात कुणी त्याच्या बाजूनं पुरावा काढायला निघालं नव्हतं.

"हजारावर दिवस ताडणार?" ब्रेंट म्हणाला. "कंपनीच्या वेळात? नमुना काढा. नियमाप्रमाणे. एक पंधरवडा, चिठ्ठीनं."

त्यानं आपली बेसबॉलची टोपी उलटी केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मोठ्या इतमामानं हात घातला.

"गेल्या वर्षीचा मार्च. पंधरा ते अठ्ठावीस."

नॉर्बर्टचं हसू चेहऱ्यावर राहिलं. त्यामागं हसणारा मात्र आता कुणी नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत मॅक्सीन डबा उघडून, पेन्सिल घेऊन बसली. नॉर्बर्ट आपल्या टेबलावर एका गळक्या छपराचा दावा वाचत बसला. तेच पान तीनदा.

गेल्या वर्षी मार्चच्या सतरा तारखेला त्यानं ऑफिसला कळवलं की आपल्याला नागीण झाली आहे. लॉरेनला सांगितलं की मुख्य कचेरीत अकरा दिवसांचं प्रशिक्षण आहे. आणि त्याच संध्याकाळी निघून, रात्रभर अकरा तास गाडी चालवत तो मेन राज्यात, समुद्राकाठच्या एका गावात, कोलेट थिबोडोच्या घरी गेला. वादळानं कोलेटचा व्हरांडा नेला होता. त्या व्हरांड्याच्या दाव्यावर ती दोघं फोनवर सात महिने बोलत होती. व्हरांडा पहिल्या दोन महिन्यांतच मंजूर झाला होता.

अकरा दिवस. कोलेट पहाटे उठून बटाट्याचे काप परते आणि फ्रेंचमध्ये मांजराला शिव्या घाली. खिडकीत समुद्र असे, पडदा ओढला तरी ऐकू येई. पहिल्या सकाळी नॉर्बर्टनं फोन उघडला, कोडं काढलं, बोट सीवर गेलं आणि थांबलं. शब्द सांगायला कुणी नव्हतं. त्यानं तीच पाच अक्षरं आपल्या मनानं लावली.

दहाव्या दिवशी कोलेट म्हणाली, "राहा की इथंच. व्हरांडा मोठा आहे आता."

लॉरेन रोज संध्याकाळी फोन करी. तिनं एकदाही 'ये' म्हटलं नाही. ती फक्त शेजारच्या म्हाताऱ्या स्टॅन्चॅकबद्दल सांगे. कोड्याचे रंग वाचायला तो येत होता. "भला माणूस आहे बिचारा. पण त्याला हिरवा आणि पिवळा एकच दिसतो. मला म्हणतो, मातकट. पाचही मातकट. अकरा दिवसांत एकदाही सुटलं नाही बघ." आणि हसे.

एकोणतीस तारखेला नॉर्बर्ट घरी होता. पुन्हा मेनचा फोन आला तेव्हा तो दावा त्यानं दुसऱ्या टेबलाकडे वळवला.

एवढं सगळं पचलं असतं. पण पळून गेलेल्या माणसानंसुद्धा, रोज न चुकता खेळल्याची साखळी तुटू नये म्हणून, अकराच्या अकरा दिवस आपली जाळी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती. वेळेवर, नऊच्या आत.

नोकरीची त्याला भीती नव्हती. खोट्या आजारपणाबद्दल फार तर ताकीद मिळाली असती. भीती होती ती आज संध्याकाळची. मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये बिंगो असे, आणि गेल्या उन्हाळ्यापासून लॉरेनच्या शेजारी बसून तिच्या कार्डावर खुणा करणारी बाई म्हणजे मॅक्सीन टटल.

तीन वाजता मॅक्सीननं बोलावलं.

"बस, नॉर्बी. दार लोट." तिच्या जागेला दार नव्हतं, सवयीनं म्हणाली. समोर चौकटीचा कागद होता, रंगीत पेन्सिलींनी नीट भरलेला. "पंधरा, सोळा, सतरा. तंतोतंत कनू. मी खूश. अठरापासून बिघडलं."

"हं."

"हा एकवीस मार्च. उत्तर होतं बेकन. बी, ए, सी, ओ, एन. तू कनू टाकलं असतंस तर दुसरा आणि चौथा चौकोन हिरवा हवा. तुझा हिरवा एकच, आणि तोही शेवटचा."

"चुकून पडला असेल."

"अकरा दिवस? ऐक तर. अक्षरं मात्र चार लागलीयत. कनूचीही चारच लागली असती. म्हटलं, अक्षरं तीच असतील, जागा बदलल्या असतील. बेकनमध्ये ई नाही. म्हणजे तुझा राखाडी चौकोन तो ई. तो तिसरा. शेवटचा हिरवा, तो एन. उरले ओ, सी, ए. माझं सँडविच तसंच राहिलं बघ. बसवून बसवून एकच शब्द होतो." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "ओशन."

नॉर्बर्टनं कागद आपल्याकडे ओढला.

"एरीत समुद्र नाही, नॉर्बी. आपल्याकडे आहे ते सरोवर, लेक."

"लेक चार अक्षरी आहे," तो म्हणाला.

मॅक्सीन हसली नाही. "हजेरीपट बघितला. अकरा दिवस तुला नागीण झाली होती. म्हणजे तू घरात. लॉरेन घरात. लॉरेन मला दर मंगळवारी सांगते, शब्द माझा, बोटं त्याची. मग त्या अकरा दिवसांत बोटांना झालं काय? काहीतरी साधंच असेल. संध्याकाळी तिला विचारते, दोन ओळींत लिहून घेते, की तू सुटलास. मग ब्रेंटला तो खडू खायला लावते."

नागीण लागते म्हणून मी वरच झोपून होतो, एकटाच खेळलो. हे वाक्य नॉर्बर्टच्या तोंडापर्यंत आलं. चांगलं होतं. मग त्याला पुढचं वाक्यही ऐकू आलं, लॉरेनचं, बिंगोच्या टेबलावरचं: नागीण? कुणाला? लोकांच्या गोष्टींतली भोकं हुडकण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. आपल्या गोष्टीतलं हुडकायला अर्धं मिनिट पुरलं.

आणि मग लॉरेन दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवणार. भांडणार नाही. ती फक्त हिशोब लावणार, की भाऊ गेला होता, आणि आपल्यासाठी परत आला. त्यानंतर रोज सकाळी प्रत्येक रंग ती उपकारासारखा ऐकणार.

"तिला विचारू नकोस," नॉर्बर्ट म्हणाला.

"का?"

"मी चोरलं. उत्तर सकाळी नेटवर बघितलं."

"खोटं."

"दावा मागे घेतोय मी, मॅक्सीन. दावेदारानं दावा मागे घेतला की चौकशी तिथंच संपते. तुझाच नियम आहे."

"कंपनीचा." ती त्याच्याकडे बघत राहिली. कुठल्याशा शेतकऱ्यानं स्वतःचं कोठार स्वतःच पेटवलं नव्हतं हे कळल्यावर ती अशी बघे. तिच्या धंद्यात असा माणूस क्वचित भेटतो. "नॉर्बी, बाकीचा कुठलाही पंधरवडा काढ म्हणालास तर मी काढते. सगळे जुळतील. मला माहितेय, तुलाही माहितेय."

"आणि हे अकरा दिवस?"

"त्यांचं उत्तर मात्र लागेल मला. जे आहे ते आहे."

"म्हणूनच."

शेजारच्या टेबलावर फोन वाजत होता. कुणी उचलत नव्हतं. मॅक्सीननं कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली.

"परत का आलास?" तिनं हळूच विचारलं.

नॉर्बर्ट उठला. "स्टॅन्चॅकला हिरवा-पिवळा कळत नाही," तो म्हणाला.

तिला काही कळलं नाही. तिनं पुढं विचारलंही नाही. कागदाच्या पाठीवर तिनं लिहिलं: दावेदारानं दावा मागे घेतला. तारीख टाकली, सही केली आणि तो खणात ठेवला.

चहाकॉफीच्या खोलीत ब्रेंट कॉफी ओतत होता. नॉर्बर्टनं फळ्याखालचा खडू उचलला आणि आपल्या 'एक'शेजारी चांदणी काढली. पाच टोकांची, नीट. घाईत काढलेली चांदणी फुलीसारखी दिसते, म्हणून त्यानं दोन रेघा पुन्हा गिरवल्या.

"अरे, मी गंमत करत होतो," ब्रेंट म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. बळी स्वतःच पुढं आला की गंमत करणाऱ्याला करायला काही उरत नाही. "म्हणजे, एवढं काही..."

"नियम आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

संध्याकाळी मॅक्सीनची गाडी लॉरेनला बिंगोहून सोडून गेली. नॉर्बर्ट दारात उभा होता. लॉरेन पायऱ्या मोजत वर आली.

"काय म्हणालं तुझं ऑफिस? मला मॅक्सीनकडून कळलंय, पण तू सांग."

"तिनं काय सांगितलं?"

"म्हणाली, रीतसर चौकशी झाली. काही सापडलं नाही. फाइल बंद." लॉरेननं स्कार्फ सोडला. तिचे गाल थंडीनं आणि कौतुकानं लाल झाले होते. "सगळ्या हॉलला सांगितलं मी. फादरनी माइकवरून जाहीर केलं. त्या हेडविगनं विचारलं, तीन वर्षं एकच शब्द? म्हटलं, हो बाई, एकच. टिकून राहावं लागतं. फळ्यावर लिहिलं ना?"

"लिहिलं."

"कसं लिहिलंय?"

"मोठ्या अक्षरात. शेजारी चांदणी काढलीय."

"चांदणी!" लॉरेन म्हणाली. वर्तमानपत्रात तिनं खेळाचं पान कधी तपासलं नव्हतं. ते दुसऱ्या माणसाकडे असे. "बघ. मी म्हणत नव्हते?"

सकाळी साडेसातला टोस्ट होता, अंडं होतं. बाहेर सरोवराकडून बर्फ आडवा येत होता. नॉर्बर्टनं फोन उघडला. पाच रिकामे चौकोन.

"आज तू सांग शब्द," लॉरेन म्हणाली.

"मी?"

"तीन वर्षं मीच सांगतेय. तुझ्या मनात एखादा असेलच की. मुख्य कचेरीत गेलास तेव्हा एकटा खेळायचास ना? तेव्हा काय टाकायचास?"

नॉर्बर्टनं तिच्याकडे पाहिलं. ती मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं, त्याच्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघत होती. त्याला बघायचं असलं की ती तशीच बघे.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"मग आता सांग. कुठलाही. हौसेनं."

शब्द होता. पाच अक्षरं, तीन स्वर. फक्त जागा वेगळ्या. बोट ओच्या वर येऊन थांबलं. फोनचा उजेड मंद झाला. त्यानं स्पर्श केला तेव्हा पुन्हा उजळला.

"कनू," तो म्हणाला.

"अरे येड्या, तो कालच येऊन गेला. एकदा आलेला शब्द परत येत नाही. आता जन्मात यायचा नाही तो."

"माहितेय."

लॉरेननं अंड्याचं डोकं चमच्यानं उडवलं, मीठ टाकलं, थोडा विचार केला.

"बरं," ती म्हणाली. "स्वर तीन आहेतच. लिही."

त्यानं लिहिलं. चौकोन उलटायला लागले.

"राखाडी," तो म्हणाला. "राखाडी. पिवळा. राखाडी..."

"सावकाश सांग," लॉरेन म्हणाली. "आपल्याला कुठं जायचंय?"